क्वांटम आणि गुरुत्वाकर्षण यांचं नेमकं कुठे अडलंय?

ध्रुवपद

'क्वांटम सिद्धांत आणि गुरुत्वाकर्षण यांचं जमत नाही' हे वाक्य अलीकडे इथल्या दोन-तीन धाग्यांवर वाचलं. छोट्या जगाचे नियम वेगळे, मोठ्या जगाचे वेगळे, दोन्ही एकत्र आणले की गणित कोलमडतं, एवढं सांगून चर्चा स्ट्रिंग थिअरीकडे (मूलभूत कण म्हणजे कंप पावणाऱ्या सूक्ष्म तारा मानणाऱ्या सिद्धांताकडे) वळते. मला ही मांडणी पटत नाही. हे दोन सिद्धांत गेली नव्वदहून जास्त वर्षं अनेक ठिकाणी शेजारी शेजारी काम करत आलेत, आणि तिथली उत्तरं निरीक्षणांशी चोख जुळतात. अडलंय ते फार नेमक्या जागी. ती जागा नीट दिसावी म्हणून हा धागा.

पहिलं उदाहरण श्वेत बटू ताऱ्यांचं. ३१ जुलै १९३० रोजी एकोणीस वर्षांचे सुब्रह्मण्यन चंद्रशेखर मुंबई बंदरातून बोटीने इंग्लंडला निघाले आणि वाटेत त्यांनी एक हिशेब मांडला. इंधन संपलेला तारा स्वतःच्या वजनाने आत दाबला जातो. त्याला कोण थोपवतं? दोन इलेक्ट्रॉन एकाच अवस्थेत राहू शकत नाहीत हा पाउलीचा क्वांटम नियम. पण वस्तुमान वाढत गेलं की आतले इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाजवळ पोचतात आणि त्यांचा दाब पुरेसा वाढेनासा होतो. सूर्याच्या सुमारे १.४ पट वस्तुमानापलीकडे श्वेत बटू टिकत नाही. एडिंग्टनसारख्या दिग्गजाने १९३५ मध्ये या निष्कर्षाला जाहीर विरोध केला, तरी चंद्रशेखर मर्यादा आज खगोलशास्त्राच्या पायात आहे. एका बाजूने गुरुत्वाकर्षण, दुसऱ्या बाजूने निव्वळ क्वांटम नियम, आणि मधे अख्खा तारा.

दुसरं उदाहरण प्रयोगशाळेतलं. १९७५ मध्ये कोलेला, ओव्हरहाउझर आणि वर्नर या तिघांनी सिलिकॉनच्या एकाच अखंड स्फटिकातून न्यूट्रॉनसाठी व्यतिकरणमापी कोरून घेतला. आत शिरलेल्या प्रत्येक न्यूट्रॉनच्या तरंगाचे दोन भाग होतात, वेगळ्या वाटांनी जातात आणि शेवटी पुन्हा एकत्र येतात. यंत्र आडवं असताना दोन्ही वाटा एकाच उंचीवर. ते हळूहळू फिरवलं की एक वाट दुसरीपेक्षा काही सेंटिमीटर वर जाते, तिथे गुरुत्वीय ऊर्जा थोडी जास्त असते आणि तरंगाची कला (फेज) बदलते. शोधकात मोजलेले न्यूट्रॉन यंत्राच्या तिरपेपणानुसार कमी-जास्त, कमी-जास्त होत गेले. त्या फरकाच्या सूत्रात न्यूटनचा g आणि प्लँकचा स्थिरांक एकत्र येतात. सफरचंद पडण्याच्या गणितात प्लँकचा स्थिरांक कधीच लागत नाही, इथे मात्र त्याच्याशिवाय पान हलत नाही.

तिसरं मला सर्वांत प्रिय आहे. फ्रान्समध्ये ग्रनोबलच्या अणुभट्टीवर नेस्विझेव्स्की आणि सहकाऱ्यांनी केलेला हा प्रयोग २००२ मध्ये प्रसिद्ध झाला. सेकंदाला जेमतेम काही मीटर जाणारे अतिथंड न्यूट्रॉन घ्यायचे आणि आरशासारख्या गुळगुळीत काचेवरून सोडायचे. इतके संथ न्यूट्रॉन काचेतून आरपार जात नाहीत, टप्पे खात पुढे जातात. वर छतासारखी खडबडीत पट्टी, तिला टेकलेला न्यूट्रॉन वाया जातो. आता काच आणि छत यांमधली फट मायक्रॉनच्या हिशेबात कमी करत जायची. जुन्या यामिकीप्रमाणे पलीकडे पोचणारे न्यूट्रॉन हळूहळू कमी होत शून्यावर यायला हवेत. प्रत्यक्षात फट साधारण पंधरा मायक्रॉनपेक्षा लहान असेपर्यंत पलीकडे काहीच येत नाही. अणूतल्या इलेक्ट्रॉनप्रमाणे न्यूट्रॉनलाही ठरावीक ऊर्जापातळ्याच मिळतात, आणि सर्वांत खालच्या पातळीलासुद्धा तेवढी उंची लागते. फरक असा की अणूत इलेक्ट्रॉनला विद्युतबल बांधून ठेवतं, इथे न्यूट्रॉनला पृथ्वीने बांधलंय. ही पातळी १.४ पिको-इलेक्ट्रॉनव्होल्टची, हायड्रोजनच्या १३.६ इलेक्ट्रॉनव्होल्टच्या सुमारे दहा लाख कोटी पटीने लहान. न्यूट्रॉनवर विद्युतभार नाही म्हणूनच इतकं क्षीण बल दिसू शकलं.

मग अडलं कुठे? या तिन्ही ठिकाणी गुरुत्वाकर्षण *आयतं मिळालेलं* आहे. पृथ्वीचं किंवा ताऱ्याचं क्षेत्र तिथे आहेच, न्यूट्रॉन किंवा इलेक्ट्रॉन त्यात आपले क्वांटम व्यवहार करतात. उलटा प्रश्न विचारा: एखादी वस्तू एकाच वेळी दोन जागी असण्याच्या अवस्थेत, म्हणजे सुपरपोझिशनमध्ये असेल, तर *तिचं स्वतःचं* गुरुत्वाकर्षण कुठून ओढेल? आईनस्टाईनच्या समीकरणात डावीकडे अवकाश-कालाची वक्रता आणि उजवीकडे पदार्थ. उजवी बाजू क्वांटम आहे हे पक्कं. डावीचं काय? फाइनमन यांनी १९५७ च्या चॅपल हिल परिषदेत नेमका हाच प्रश्न ठेवला होता. आजही त्याचं प्रयोगातून आलेलं उत्तर नाही.

शंका, विरोध, भर, सगळ्याचं स्वागत.

गोदाकाठ

फार दिवसांनी इथे असा धागा आला. ग्रनोबलचा प्रयोग माहीत नव्हता, उद्या बारावीच्या वर्गात सांगणार.

मुलं दरवर्षी एक प्रश्न विचारतात आणि मी दिलेलं उत्तर माझंच समाधान करत नाही. विद्युतचुंबकीय क्षेत्राचं क्वांटमीकरण केलं की फोटॉन मिळतो. तीच कृती गुरुत्वाकर्षणावर करून ग्रॅव्हिटॉन, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचा कण, का मिळवत नाहीत? अडचण गणिताची की कल्पनेची?

ध्रुवपद

गोदाकाठ सर, ती कृती करून पाहिली गेली आहे आणि ती काही अंशी चालतेही. फोटॉनच्या सिद्धांतातही अनंत उत्तरं येतात, पण वस्तुमान आणि विद्युतभार अशा मोजक्या राशी प्रयोगातून घेतल्या की ती सगळी आटोक्यात येतात. गुरुत्वाकर्षणात तसं होत नाही. नुसतं गुरुत्वाकर्षण घेतलं तर पहिल्या पायरीवर निभावतं, हे टूफ्ट आणि वेल्टमन यांनी १९७४ मध्ये दाखवलं. पुढच्या पायरीवर अनंत उरतोच, हे गोरॉफ आणि सान्योत्ती यांनी १९८०च्या दशकात हिशेब करून दाखवलं. दर पायरीला नवे अज्ञात स्थिरांक जोडत जावे लागतात, म्हणजे सिद्धांताची भाकीत करण्याची ताकदच संपते.

आता लोकप्रिय लेखांत न येणारी बाजू. हे अज्ञात स्थिरांक कमी ऊर्जेला जवळजवळ काही फरक पाडत नाहीत. जॉन डॉनह्यू यांनी १९९४ मध्ये याच जोरावर न्यूटनच्या नियमाला पडणारी क्वांटम दुरुस्ती काढून दाखवली. ती नेमकी आहे, पण अंतर एक मीटर असेल तर दशांशचिन्हानंतर एकोणसत्तर शून्यं ओलांडून पहिला आकडा येतो. म्हणून 'गणित कोलमडतं' हे खरं, पण प्लँक ऊर्जेच्या, म्हणजे गुरुत्वाकर्षणाचे क्वांटम परिणाम जिथे ठळक होतात त्या प्रचंड ऊर्जेच्या आसपास. जिनिव्हाजवळच्या महाकाय कण-आदळकाची ऊर्जा त्यापेक्षा साधारण एकावर पंधरा शून्यं इतक्या पटीने तोकडी आहे.

कल्पनेची अडचण वेगळी आणि माझ्या मते जास्त खोल. फोटॉन अवकाश-कालाच्या रंगमंचावर वावरतो. गुरुत्वाकर्षणात रंगमंचच डळमळतो. 'आधी' आणि 'नंतर' हेच अनिश्चित झालं तर क्वांटमचं समीकरण लिहायचं कोणत्या काळात?

हे सर्वांत आधी स्वच्छ पाहिलं ते मात्वेई ब्रॉन्स्टाइन या सोव्हिएत तरुणाने, १९३६ मध्ये. त्याचा युक्तिवाद असा: एका बिंदूपाशी गुरुत्वीय क्षेत्र अचूक मोजायचं तर चाचणीची वस्तू छोटी हवी आणि जडही हवी. ती फार छोटी आणि फार जड झाली की स्वतःच कृष्णविवर होण्याच्या वाटेला लागते. विद्युतक्षेत्र मोजताना अशी मर्यादा आड येत नाही. त्यावरून त्याने निष्कर्ष काढला की इथे अवकाश आणि काळ या कल्पनाच बदलाव्या लागतील. स्टालिनच्या दमनात १९३८ मध्ये त्याला गोळी घातली गेली, वयाच्या एकतिसाव्या वर्षी. पाउली, डिरॅक, हायझेनबर्ग यांच्याबरोबर हे नाव आपल्या पाठ्यपुस्तकांत यायला हवं.

निळीशाई

चांगलं लिहिलंय, पण एक सरळ विरोध नोंदवतो. पंधरा शून्यांचा फरक तुम्हीच सांगितलात. म्हणजे ज्या ठिकाणी खरा प्रश्न आहे तिथे माणूस कधीच पोचणार नाही. मग स्ट्रिंग, लूप वगैरेंवर हजारो हुशार लोकांची आयुष्यं घालवणं याला विज्ञान का म्हणायचं? पडताळाच नसेल तर तो फार सुंदर तर्कशास्त्राचा खेळ आहे. मी अभियंता आहे, मोजता येत नाही ते मला मान्य करता येत नाही.

मुठाकाठ

निळीशाई, तुमचा मुद्दा हलका नाही. पण ज्यांनी ही आयुष्यं घातली त्यांतले काही आपल्याच मातीतले आहेत, तेव्हा ते नेमकं काय करत होते हे पाहू.

अभय अष्टेकर मूळचे धुळे जिल्ह्यातल्या शिरपूरचे. १९८६ मध्ये त्यांनी आईनस्टाईनची समीकरणं नव्या चलांमध्ये लिहिली. त्या चलांत गुरुत्वाकर्षणाचं गणित कणभौतिकीच्या गणितासारखं दिसू लागलं, आणि लूप क्वांटम ग्रॅव्हिटी त्यातून उभी राहिली. २००६ मध्ये पावलोव्स्की आणि परमप्रीत सिंग यांच्याबरोबर त्यांनी विश्वाच्या एका सोप्या प्रतिकृतीवर हेच गणित चालवलं, तेव्हा महास्फोटाच्या क्षणी अनंत घनता येईना. घनता एका मर्यादेपर्यंत चढते आणि विश्व उलट प्रसरण पावू लागतं. हे सिद्ध झालेलं नाही, पण 'शून्य क्षणी काय' हा प्रश्न विचारायला निदान समीकरण मिळालं.

पुण्याच्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेतले थनू पद्मनाभन तर वेगळ्याच वाटेने गेले. २०२१ मध्ये ते अचानक गेले. कृष्णविवराच्या क्षितिजाला तापमान असतं हे हॉकिंग यांनी १९७४ मध्ये दाखवलं होतं. पद्मनाभन यांनी क्षितिजापाशी आईनस्टाईनची समीकरणं तपासली, तर ती उष्मागतिकीच्या ऊर्जा-एन्ट्रॉपीच्या (एन्ट्रॉपी म्हणजे अव्यवस्थेचं माप) समीकरणासारखी निघाली. त्यांचं म्हणणं असं की गुरुत्वाकर्षण मूलभूत नसेलच. वायूचा दाब जसा असंख्य रेणूंच्या हालचालीतून येतो, तसं तेही कशाततरी खोलवरच्या घटकांतून येत असेल. तसं असेल तर गुरुत्वाकर्षणाचं थेट क्वांटमीकरण करत बसणं हाच चुकीचा रस्ता ठरतो.

आणि आपले आतिश दाभोलकर, मूळचे गडहिंग्लजचे. २०१९ मध्ये ते इटलीतल्या त्रिएस्तच्या आंतरराष्ट्रीय सैद्धांतिक भौतिकी केंद्राचे संचालक झाले. कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीमागच्या सूक्ष्म अवस्था स्ट्रिंग थिअरीने मोजण्याच्या कामात त्यांचा मोठा वाटा आहे. १९९६ मध्ये स्ट्रॉमिंजर आणि वाफा यांनी एका खास प्रकारच्या कृष्णविवरासाठी ती मोजणी केली आणि उत्तर कृष्णविवराच्या एन्ट्रॉपीच्या हॉकिंग-बेकेनस्टाइन सूत्राशी जुळलं. हा प्रयोग नव्हे हे कबूल. पण पूर्ण वेगळ्या वाटेने आलेली दोन उत्तरं जुळणं याला मी तरी खेळ म्हणणार नाही.

गोदाकाठ

हॉकिंग यांचं तापमान किती असतं? ते मोजता येणार नाही का?

मुठाकाठ

सूर्याएवढ्या वस्तुमानाच्या कृष्णविवराचं एका केल्विनच्या दहा कोटी भागांतले सुमारे सहा भाग. विश्वात सगळीकडे भरलेल्या पार्श्वभूमी प्रारणाचं २.७ केल्विन. त्यामुळे असं कृष्णविवर सध्या जितकं गमावतं त्याहून कितीतरी जास्त बाहेरून घेतं. मोजणं अशक्यप्राय आहे.

ध्रुवपद

निळीशाई, तुमच्या आक्षेपाला माझं उत्तर असं की त्या पंधरा शून्यांच्या पलीकडची एक नोंद आपल्याला आयती मिळालेली असू शकते, आणि ती आकाशात आहे.

महास्फोटानंतर सुमारे ३ लाख ८० हजार वर्षांनी सुटलेला प्रकाश आज सूक्ष्मलहरींच्या रूपात येतो. १९९२ मध्ये कोबे उपग्रहाने त्यात साधारण एक लाखात एक भाग इतका चढउतार दाखवला. किंचित घनदाट जागी पुढे पदार्थ गोळा होत गेला आणि आकाशगंगा झाल्या. पण ते मूळ चढउतार आले कुठून? मुखानोव आणि चिबिसोव यांनी १९८१ मध्ये मांडलेलं आणि आज बहुतेकांनी स्वीकारलेलं उत्तर असं की आरंभीच्या अफाट वेगाच्या प्रसरणात क्वांटम अनिश्चिततेचे सूक्ष्म हेलकावे ताणले गेले. त्यानंतरच्या उपग्रहांनी मोजलेल्या चढउतारांची आकडेवारी या हिशेबाशी सुंदर जुळते. हे खरं असेल तर आपली आकाशगंगासुद्धा एका क्वांटम हेलकाव्याची वंशज आहे. ही गोष्ट मला रात्री झोपू देत नाही, अगदी शब्दशः.

सांजवारा

ध्रुवपद, इथे एक अट घालायला हवी. ते हेलकावे मुख्यतः पदार्थाच्या क्षेत्राचे. निव्वळ अवकाश-कालाचे हेलकावे वेगळे, त्यातून आदिम गुरुत्वलहरी यायला हव्यात. त्यांचा ठसा पार्श्वभूमी प्रारणाच्या ध्रुवीकरणात (तरंगांच्या कंपनाच्या दिशेत) एका विशिष्ट पिळाच्या रूपात दिसेल. तो दिसला तर गुरुत्वाकर्षण क्वांटम असल्याचा तो फार जवळचा पुरावा ठरेल.

मार्च २०१४ मध्ये दक्षिण ध्रुवावरच्या बायसेप-२ दुर्बिणीच्या चमूने तो पिळ दिसल्याचं जाहीर केलं होतं. आम्ही मित्र रात्रभर जागे होतो. पुढच्याच वर्षी प्लँक उपग्रहाच्या विदेबरोबर एकत्र तपासणी झाली आणि तो संकेत आपल्याच आकाशगंगेतल्या धुळीने समजावता येतो असं निघालं. त्या चमूने प्लँकबरोबर बसून स्वतःच्या दाव्याची फेरतपासणी केली, हे मला त्या प्रकरणातलं सर्वांत मोलाचं वाटतं. त्यानंतर त्याच मालिकेच्या सुधारित दुर्बिणींनी मर्यादा बरीच खाली आणली आहे. पिळ अजून सापडलेला नाही.

हिंगोलीकर

विज्ञानाची पदवी नाही, पण धागा पूर्ण वाचला. आमच्या औंढा नागनाथजवळ लायगो-इंडिया ही गुरुत्वलहरी पकडणारी वेधशाळा होते आहे. केंद्र सरकारने २०२३ मध्ये २६०० कोटींना मंजुरी दिली. गावात विचारतात, त्याने नक्की काय कळणार. ह्या क्वांटमच्या प्रश्नाशी त्याचा संबंध आहे का?

ध्रुवपद

हिंगोलीकर, संबंध आहे, आणि दोन बाजूंनी आहे.

चार-चार किलोमीटरच्या दोन भुजा, टोकाला आरसे, मधून लेझर. दूरच्या कृष्णविवरांच्या टकरीतून आलेली गुरुत्वलहर गेली की भुजांची लांबी प्रोटॉनच्या व्यासाहूनही कितीतरी कमी अशी बदलते. इतकं सूक्ष्म मोजताना प्रकाशाचा क्वांटम स्वभावच आड येतो, कारण फोटॉन थेंबाथेंबाने येतात आणि आरशाला अनियमित धक्के देतात. अमेरिकेतल्या लायगोने २०२० मध्ये मोजून दाखवलं की चाळीस किलोचा आरसा या क्वांटम धक्क्यांनी मीटरच्या एकावर वीस शून्यं इतक्या भागाने हलतो. मग त्यांनी प्रकाशाची अनिश्चितता एका बाजूने दाबून दुसऱ्या बाजूला ढकलायची युक्ती वापरली. म्हणजे गुरुत्वाकर्षण ऐकायलाच क्वांटमची मदत घ्यावी लागते.

मात्र तिथे पकडलेली लहर ही असंख्य ग्रॅव्हिटॉनची एकत्रित भरती असते. एकेक ग्रॅव्हिटॉन तिथे दिसणार नाही. गावात सांगताना मी एवढं सांगेन: आज आकाशात टक्कर कुठे झाली हे शोधायला दूर अंतरावर जितकी जास्त यंत्रं तितकी दिशा पक्की कळते, आणि औंढ्याचं यंत्र त्यासाठी फार मोक्याच्या जागी आहे.

निळीशाई

आकाशातला पुरावा एकदाच घडलेल्या घटनेचा आहे, पुन्हा करून बघता येत नाही. टेबलावर करता येईल असं काही आहे का? असेल तर माझा आक्षेप मी मागे घेतो.

ध्रुवपद

आहे, आणि त्यासाठीच खरं तर हा धागा काढला.

२०१७ मध्ये दोन गटांनी स्वतंत्रपणे एकच कल्पना मांडली. एकात लंडनचे सौगातो बोस, अनुपम मजुमदार आणि सहकारी, दुसऱ्यात मार्लेटो आणि वेद्रल. दोन सूक्ष्म हिरे घ्या, प्रत्येकी एक किलोच्या एकावर चौदा शून्यं इतक्या भागाचे. प्रत्येकाला एकाच वेळी दोन जागी असण्याच्या अवस्थेत ठेवा, त्या जागांत काहीशे मायक्रॉनचं अंतर. दोन्ही हिरे काही सेकंद शेजारी पडू द्या. त्यांच्यात गुरुत्वाकर्षणाखेरीज कोणताच दुवा नाही याची खात्री करा, त्यासाठी त्यांना एकमेकांच्या फार जवळ येऊ देता येत नाही, नाहीतर कॅसिमिर बल (अगदी जवळच्या वस्तूंना ओढणारं क्वांटम बल) गुरुत्वाकर्षणावर मात करतं. शेवटी दोघांच्या अवस्था एकमेकींत गुंतल्या, म्हणजे एंटँगलमेंट झाली का ते तपासा. साध्या, क्वांटम नसलेल्या दुव्यातून असं गुंतणं होऊ शकत नाही. गुंतले तर गुरुत्वाकर्षणालाही सुपरपोझिशनमध्ये जावं लागलं असं म्हणता येईल. प्लँक ऊर्जा लागत नाही, महाकाय यंत्र लागत नाही.

अवघड किती? बोगदा दोन्ही बाजूंनी खणत यावा तसं काम चाललंय. एका तोंडाकडून: २०१९ मध्ये व्हिएन्नात सुमारे दोन हजार अणूंचे, २५ हजार अणुवस्तुमान-एककांचे रेणू सुपरपोझिशनमध्ये नेले गेले. हवा असलेला हिरा त्याच्या वीस-पंचवीस कोटी पट जड. दुसऱ्या तोंडाकडून: २०२१ मध्ये, पुन्हा व्हिएन्नातच, सुमारे नव्वद मिलिग्रॅमच्या सोन्याच्या गोळ्याचं गुरुत्वाकर्षण मोजलं गेलं. हिरा त्याच्या सुमारे नऊशे कोटी पट हलका. दोन्ही अंतरं प्रचंड आहेत, पण पंधरा शून्यांच्या जवळपास नाहीत, आणि दर काही वर्षांनी दोन्हीकडून कमी होताहेत.

निळीशाई

हे पटलं. आक्षेप मागे. कंपनं आणि हवेचे उरलेले रेणू कसे सांभाळणार यावर वाचायला सुरुवात करतो, हे माझ्या कामाच्या क्षेत्रात येतं.

अंकुर२२

मी पदवीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. समजा प्रयोग झाला आणि हिरे गुंतले *नाहीत*, तर? मग आपण काय म्हणायचं?

सांजवारा

अंकुर, मला तर तोच निकाल जास्त आवडेल. रॉजर पेनरोझ आणि त्यांच्याआधी लायोश दिओशी यांनी मांडलंय की जड वस्तूची सुपरपोझिशन गुरुत्वाकर्षणामुळेच आपोआप मोडत असावी. म्हणजे गुरुत्वाकर्षणाला क्वांटम करायचं सोडून क्वांटमलाच गुरुत्वाकर्षणापुढे वाकवायचं. याची एक चाचणी इटलीत ग्रान सास्सो डोंगराखाली, सुमारे १४०० मीटर खडकाच्या पोटात झाली. सुपरपोझिशन मोडताना विद्युतभारित कणांनी थोडं प्रारण सोडायला हवं, ते जर्मेनियमच्या शोधकात शोधलं. २०२० मध्ये निकाल आला: अपेक्षेइतकं प्रारण नाही. सर्वांत साधी आवृत्ती बाद झाली, बाकीच्या उभ्या आहेत.

ध्रुवपद

सांजवाराने सांगितलं त्यात एवढीच भर. नकारार्थी निकालाने लगेच पेनरोझ जिंकणार नाहीत. आधी दाखवावं लागेल की सुपरपोझिशन कंपन, उष्णता, भटका विद्युतभार अशा सामान्य कारणांनी मोडली नव्हती. हे दाखवणं गुंतणं दाखवण्याइतकंच कठीण. होकारार्थी निकालावरही वाद होईलच, काही जण आत्ताच म्हणतात की गुंतणं म्हणजे ग्रॅव्हिटॉन दिसणं नव्हे, आणि त्यांच्या म्हणण्यात तथ्य आहे.

अंकुर, तुला या क्षेत्रात यायचं असेल तर रेषीय बीजगणित आणि क्वांटम मेकॅनिक्स पक्कं कर, व्यापक सापेक्षता थोडी मागाहून आली तरी चालेल. आणि प्रयोगशाळेतलं निर्वात तंत्र, लेझर, संवेदनशील इलेक्ट्रॉनिक्स यांत हात घालायची संधी मिळाली तर सोडू नकोस. पुढच्या वीस वर्षांत या प्रश्नाला तशा हातांची गरज जास्त लागणार आहे.